अपोलोनिया, तिसरा मजला, दुपारी चारपासून

आमच्याकडे नावदिनाला कोणी कोणाला बोलवत नाही. वाढदिवस पोरासोरांचे. मोठ्या माणसाचा नावदिन असतो. कॅलेंडरच्या प्रत्येक पानावर त्या दिवसाच्या संतांची नावं छापलेली असतात. ज्याचं नाव, त्याचा दिवस. लोक सकाळी पान फाडतात, नाव वाचतात, "अरेच्चा, आज आपल्या अमकीचा दिवस!" म्हणतात आणि संध्याकाळी फुलं घेऊन दारात हजर होतात. घरच्या माणसांनी फक्त हेरिंग मासे खारवून, टेबलावर पांढरी चादर घालून, आपल्याला यातलं काही ठाऊकच नाही असा चेहरा करून बसायचं. बोलावणं धाडलंत की मेलात. बोलावलं तर करवसुलीवालाही येतो. न बोलावता कोण येतं त्यावर आमच्याकडे माणसाची किंमत ठरते. हा नियम ज्या कोणी केला तो माणूस निर्दय असावा, आणि त्याचं नाव बहुधा यान असावं, म्हणजे कॅलेंडरात दर महिन्याला दोनदा येणारं.

विंचेंती गावलिकच्या बायकोचं नाव अपोलोनिया. नऊ फेब्रुवारी.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात विंचेंतीने नवं कॅलेंडर स्वयंपाकघरात खिळ्याला लावलं. नगरातल्या ग्राहक सहकारी भांडाराने त्या वर्षी स्वतःचं कॅलेंडर छापलं होतं, कारण दुसरं कुठलंच मिळत नव्हतं. विंचेंती भूमापन कार्यालयात नकाशे काढायचा. कुठलाही कागद हातात आला की आधी त्यातली चूक शोधायची, ही त्याची तीस वर्षांची खोड. त्याने फेब्रुवारी उलटून पाहिला. नऊ तारखेला एकच नाव होतं: सिरिल. अपोलोनिया नाही. आमच्या अख्ख्या वस्तीत सिरिल नावाचा एकही इसम नव्हता. एक बोकड होता, तोही नाताळाआधीच गेला.

विंचेंतीने ते पान हळूच खाली सोडलं. पण अपोलोनिया मागेच उभी होती, हातात भांडं पुसायचं फडकं घेऊन.

"पाहिलं मी," ती म्हणाली. "परवाच पाहिलं."

"छापखान्याची चूक असणार, पोला."

"असेल. यंदा हेरिंग थोडेच आणते. आपल्या दोघांपुरते."

एवढं बोलून ती आत गेली. बाई रडली असती, भांडली असती तर विंचेंतीने वर्तमानपत्र उघडलं असतं. पण "आपल्या दोघांपुरते" हे त्याला फार लागलं. मागच्या वर्षी चारजण आले होते, त्यातला एक नळ दुरुस्त करायला. आणि खालच्या मजल्यावरच्या उर्शुला ब्रोझेकच्या नावदिनाला ऑक्टोबरात एकोणीस! जिन्यात माणसं उभी राहून केक खात होती. अपोलोनिया आपल्या दाराच्या फटीतून ते बघत होती आणि विंचेंती तिला बघत होता.

तो तडक भांडाराच्या कचेरीत गेला. तिथे काचेमागे एक बाई नखं घासत बसली होती.

"कागदाची टंचाई आहे," ती म्हणाली. "दर दिवशी एकच नाव, असं वरून आलंय."

"मग सिरिलच का?"

"लहान आहे. शाई कमी लागते."

"पण माझ्या बायकोचं नाव..."

"दुरुस्तीची चिठ्ठी काढता येते. अर्ज करा. सोबत नाव अस्तित्वात असल्याचा पुरावा जोडा."

विंचेंतीने दुसऱ्या दिवशी बायकोचं ओळखपत्र नेलं. बाईने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"याने तुमची बायको अस्तित्वात आहे हे सिद्ध होतं. नावाचं काय?"

"अहो, नावाशिवाय बायको कशी असेल?"

"ते तुमचं तुम्ही बघा. कलम चार वाचा. 'सदर नाव धारण करणाऱ्या उल्लेखनीय व्यक्तींची यादी.' तुमच्या बाई उल्लेखनीय आहेत का?"

आता या प्रश्नाला नवऱ्याने काय उत्तर द्यायचं? विंचेंतीने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "माझ्यापुरत्या आहेत," असं तो शेवटी म्हणाला, आणि काचेमागे तीन बाया मिळून हसल्या. आयुष्यभर सरळ रेषा काढलेल्या माणसाला असं हसू नये. पण कचेरीत बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार? त्याला खुर्ची मिळते त्याच दिवशी लाज जमा करून घेत असावेत.

मग तो वाचनालयात बसला. दोन आठवडे. आणि खरं सांगायचं तर तिथे त्याची छाती फुगली. बायकोचं नाव म्हणजे खेड्यातल्या आत्याबाईचं नाव, असं तोही मनातून समजत आला होता. निघालं भलतंच! अलेक्झांड्रियाची संत अपोलोनिया: छळ करणाऱ्यांनी तिचे दात पाडले, तेव्हापासून सतराशे वर्षं अख्ख्या युरोपातले दातदुखे तिच्या नावाने हात जोडतात. जर्मनीत आहे, इटलीत आहे, स्लोव्हेनियात आहे. चित्रांत ती चिमट्यात दात धरून अशी शांत उभी असते, जणू बाजारातून मुळा आणलाय. मग पॅरिसची अपोलोनी साबातिये, जिच्या घरी दर रविवारी चित्रकार आणि लेखक जेवायला जमायचे. आणि आपलीच पोला नेग्री, मूकपटांची सम्राज्ञी, जन्माची अपोलोनिया! विंचेंती रोज संध्याकाळी घरी येऊन बायकोकडे थोडा वेगळ्या नजरेने बघू लागला. तिला वाटलं, याचं पोट बिघडलंय.

यादी घेऊन तो भांडारात गेला. बाईने शिक्का मारला, "मंजूर" म्हणाली. विंचेंती टाचा उंचावून उभा राहिला.

"चिठ्ठी कधी निघेल?"

"ऑगस्टात."

"नावदिन नऊ फेब्रुवारीला आहे!"

"मग तुम्ही फार उशिरा जागे झालात, गावलिकसाहेब."

तो घरी परतला तेव्हा जिन्यात इमारतीची झाडलोट करणारी गेनोवेफामावशी झाडूवर हनुवटी टेकून उभी होती. आमच्या इमारतीत सल्ला हवा असो वा नसो, मावशीला ओलांडून वर जाता येत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बोलवायचं तर नाही," ती म्हणाली.

"छे छे! मरेन पण बोलावणार नाही."

"मग फलक लावा. फलक म्हणजे बोलावणं नव्हे. माहिती. आज काय, तर अपोलोनिया. युरोपात कोण कोण झाल्या. खाली चित्र. माणूस वाचेल, म्हणेल, अरे, आपल्या तिसऱ्या मजल्यावर एक आहे की! आपली आपण आठवण झाली, तर तो पाहुणा खरा."

"मावशी, तुम्ही मंत्री व्हायला हव्या होतात."

"मी झाडते. त्यांच्यापेक्षा बरं काम आहे."

तेवढ्यात उर्शुला ब्रोझेक कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आली. "काय हो, नकाशा काढताय का नवा?" तिने विचारलं. विंचेंती तडक वर सटकला. जिच्याकडे एकोणीस माणसं येतात तिच्याशी बोलायला बळ लागतं.

फलक मात्र देखणा झाला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी काढलेला तो हात. त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या घरचं काही काढलं. वर तारीख, मधोमध संत, उजवीकडे नटी, डावीकडे पॅरिस. प्रत्येक अक्षर जणू कापून चिकटवलेलं. आता जिन्यात लावायचा तर गृहसंस्थेची परवानगी हवी. अध्यक्ष होता रोमुआल्ड त्शेपा, लाल पेन्सिलवाला. त्या पेन्सिलीखेरीज त्याला देवाने दुसरं काही दिलं नव्हतं, म्हणून तो ती जपून वापरायचा नाही.

"ही कोण?"

"संत अपोलोनिया, साहेब."

"संस्थेच्या भिंतीवर संत?" पेन्सिल फिरली. "हा दात कसला?"

"तिच्या चिमट्यातला."

"दात राहू दे. दात म्हणजे आरोग्य. आरोग्याला संस्थेचा पाठिंबा आहे. चिमटाही राहू दे, लोंबकळता दात वाईट दिसेल. ही बाई?"

"पोला नेग्री. जगप्रसिद्ध."

"राहते कुठे?"

"अमेरिकेत गेली."

पेन्सिल. "आणि ही?"

"पॅरिसची. तिच्याकडे रविवारी मोठमोठी माणसं जमायची."

"जमावाची परवानगी होती?"

"साहेब, सव्वाशे वर्षं झाली त्याला!"

"म्हणजे नव्हती." पेन्सिल. मग अध्यक्षाने मथळ्यावर बोट ठेवलं. "अपोलोनिया. हे नाव कॅलेंडरात आहे का?"

"नाही, साहेब, तेच तर..."

"जे कॅलेंडरात नाही ते भिंतीवर कसं असेल?" आणि मथळाही गेला.

विंचेंती त्या फलकाकडे बघत राहिला. चिमटा, दात आणि तारीख. बस्स. त्याला वाटलं, हा फलक उचलावा आणि अध्यक्षाच्या टकलावर आपटावा. मी असतो तर आपटला असता. पण मध्यमवर्गीय माणसाचा राग असा असतो की तो आधी परवानगी मागतो. शिवाय अध्यक्ष पुढे म्हणाला:

"नियम अकरा. प्रत्येक फलकावर जबाबदार माणसाचं नाव, सदनिका क्रमांक आणि भेटायची वेळ पाहिजे. नाहीतर शिक्का नाही."

विंचेंतीच्या काळजात काहीतरी लकाकलं. पत्ता आणि वेळ! नियमच लिहायला लावतोय! हे बोलावणं कोणाच्या बापाला म्हणता येणार नव्हतं. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'विंचेंती गावलिक, सदनिका चौदा, तिसरा मजला, दुपारी चारपासून.' ज्याला कळायचं त्याला तारखेवरून कळेल, असं त्याने स्वतःला समजावलं. अध्यक्षाने तळहाताएवढा गोल शिक्का मारला. जिन्यातली जागा काटकसरीच्या घोषणेसाठी राखून होती, म्हणून फलक बाहेर फाटकावर लागला. रस्त्यावर. बसथांब्यासमोर.

आता यात एक गोष्ट विंचेंतीच्या ध्यानात आली नाही, कारण त्याचे स्वतःचे दात कवळीचे. आमच्या नगरातल्या दवाखान्यातला दातांचा डॉक्टर नोव्हेंबरात पंधरा दिवसांसाठी स्वीडनला भावाकडे गेला होता, आणि त्याला तिथली हवा इतकी मानवली की तो अजून आला नव्हता.

नऊ तारखेला विंचेंती दुपारी बाराला फुलांसाठी बाहेर पडला. बायकोने सकाळपासून नावदिनाचा विषय काढला नव्हता. पण खाटेवर तिचा निळा पोशाख काढून ठेवलेला त्याने पाहिला, आणि स्वयंपाकघरात भाज्यांच्या सॅलडचं मोठं पातेलं. दोघांपुरतं म्हणणारी बाई बारा बटाटे उकडते, याचा अर्थ नवऱ्याला न समजायला तो अगदीच दगड नव्हता. फुलांच्या दुकानापुढे साडेतीन तास उभं राहून त्याला एक कार्नेशन मिळालं. एकच. थंडीने कडक झालेलं.

पावणेपाचला तो कोपऱ्यावर वळला आणि थबकला. त्याच्या इमारतीच्या दारातून माणसं बाहेर ओघळली होती. फाटकापर्यंत! जिना भरलेला! विंचेंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. एकोणीस? उर्शुलाबाई, मोजा आता! तो धावत आत घुसला.

"ओ काका! कुठे?" कोणीतरी त्याची बाही धरली. "नंबर?"

"कसला नंबर?"

"यादीत नाव लिहा आधी. झेनोनभाऊ वर आहेत, यादी त्यांच्याकडे. तुम्ही त्रेचाळीस."

"अहो, मी इथेच राहतो!"

"सगळे तेच म्हणतात," गाल सुजलेली एक बाई म्हणाली. "मघाशी एकजण तर म्हणाला, मी गॅसवाला आहे."

विंचेंतीने पुढच्या माणसाला विचारलं, "काय मिळतंय इथे?"

"खात्रीने कोणी सांगत नाही. काही म्हणतात दात काढतात. तो चष्मेवाला म्हणतो, फिनलंडचे बूट आलेत. मी पुलावरून बसमधून बघितलं, रांग दिसली, उतरलो."

हे ऐकून तुम्ही हसाल. पण आमच्याकडे चौऱ्याऐंशी साली जो माणूस आधी विचारायचा आणि मग रांगेत उभा राहायचा, तो अनवाणी फिरायचा.

म्हणजे यातलं कोणीच तिच्यासाठी आलेलं नव्हतं. वर निळा पोशाख घालून बायको दार उघडतेय आणि दारात एकेक सुजलेला गाल. हे सगळं त्याच्यामुळे. त्याने वर जायची खटपट केली तर लोकांनी त्याला भिंतीशी दाबून धरलं. "पांढरे केस झाले तरी घुसायची सवय जात नाही!" असं रांगेतली एक चाळीस नंबरची म्हातारी ओरडली. स्वतःच्या घरात घुसखोर ठरणं काय असतं ते त्याला कळलं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उर्शुला ब्रोझेक उभी होती. हातात झाकलेला चीजचा केक.

"तुम्हीसुद्धा?" विंचेंती खालून ओरडला. "तुमचा कोणता दात?"

"दात गेला खड्ड्यात! मी नावदिनाला आलेय. रांग दिसली, उभी राहिले. सवय." ती कठड्यावरून वाकली. "एकोणतीस नंबर आहे माझा."

"पण कॅलेंडरात तर नाव..."

"कॅलेंडर कशाला हवंय? एकवीस वर्षं याच दिवशी वरून हेरिंगचा वास खाली येतो माझ्या न्हाणीघरात. मागे दोनदा आले होते. दाराशी ऐकलं, आत अगदी शांत. म्हटलं, माणसं नकोत वाटतं या लोकांना."

दोन माणसं एकमेकांच्या दाराशी कान लावून एकवीस वर्षं काढतात आणि मधे म्हणे जिना असतो.

तेवढ्यात वरून पहिला माणूस खाली आला. झेनोनभाऊ, निवृत्त ट्रामचालक, दुपारी साडेबारापासूनचा एक नंबर. जिन्यातल्या सगळ्या माना वर वळल्या.

"काढला?"

"दात काढत नाहीत," झेनोनभाऊ जाहीर करता झाला. "मी आत गेलो, खुर्चीत बसलो, आ वासला. बाईंनी बघितलं आणि चमचाभर सॅलड आत घातलं. मी डाव्या बाजूने चावलं. सॅलड उत्तम आहे. नावदिन आहे त्यांचा. अपोलोनियाबाई."

आता वाटलं, रांग फुटणार. छे! पुढे सरकणारी रांग सोडून गेलेला माणूस आमच्या देशात जन्मलेला नाही. पण दुसरी पंचाईत झाली. दात काढायला माणूस रिकाम्या हाताने जातो. नावदिनाच्या उंबऱ्यावर रिकाम्या हाताने उभं राहणं म्हणजे आईबापांची अब्रू घालवणं. जिनाभर पिशव्यांची खसखस सुरू झाली. ज्याने दिवसभर हिंडून जे मिळवलं होतं ते बाहेर निघालं. अर्धं लिंबू. साठ वॅटचा दिवा. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बदकाचं डोकं. चष्मेवाल्याकडे काहीच नव्हतं, म्हणून त्याने गळ्यातला मफलर सोडला, मग बायकोचा विचार करून पुन्हा बांधला आणि फाउंटन पेन काढलं.

वर पाच-पाचजणांना आत घेत होते, कारण खुर्च्या पाचच. दर वेळी दार मिटायचं, ग्लास वाजायचे आणि "शंभर वर्षं, शंभर वर्षं जगो!" असं गाणं जिनाभर उतरायचं. जिनाही मग खालून साथ द्यायचा. सुजलेले गाल, ठणकणाऱ्या दाढा, पण सूर बरा लागत होता. उर्शुला आत गेली ती बाहेर आलीच नाही. मदतीला राहिली असं खाली कळलं. विंचेंती एकेक पायरी चढत होता. हातातलं कार्नेशन आता मान टाकून लोंबत होतं.

सातला त्याचा नंबर लागला.

दार उघडलं. खोलीच्या मधोमध अपोलोनिया निळ्या पोशाखात बसली होती, गाल लाल, केस सुटलेले. आणि तिच्या गळ्यात दोरीत ओवलेल्या बारा संडास-कागदाच्या गुंडाळ्यांचा हार! कुठल्याशा कारखान्यातल्या भल्या माणसाने दुपारी चार तास रांगेत उभं राहून तो मिळवला होता. देताना, म्हणे, त्याने दोनदा हात मागे घेतला. अशी भेट आमच्याकडे राजदूतालाही कोणी दिली नसती. स्वयंपाकघरातून उर्शुलाच्या भांडी घासण्याचा आणि गुणगुणण्याचा आवाज येत होता.

विंचेंती दारातच उभा राहिला.

"पोला, मला सांगायचंय. ती माणसं... ती तुझ्यासाठी नव्हती आली. तो फलक मी..."

"मला का कळत नाही? पहिल्याने बसल्याबसल्या आ वासला तेव्हाच कळलं."

"मग?"

"मग काय? त्या संताबाईकडे तरी कोण नाव ऐकून गेलं, विचेक? सगळे दात दुखला म्हणूनच गेले. सतराशे वर्षं." तिने हार नीट केला. "आलेला एकही माणूस माझं नाव न घेता गेला नाही. एकाने दोनदा घेतलं."

विंचेंतीने कार्नेशन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. दुकानातल्या बाया करतात तसं हनुवटी वर करून, त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत तिने विचारलं:

"नंबर?"

"त्रेचाळीस."

"संपलं."

पातेलं खरोखरच पुसून घेतल्यासारखं होतं. विंचेंतीने मान खाली घातली. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं.

अपोलोनियाने दाराकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी जसं गल्ल्याखालून काढतात तसं तिने टेबलाच्या चादरीखाली हात घातला आणि झाकलेली बशी त्याच्यापुढे सरकवली. हेरिंगचा मधला तुकडा, वर कांदा.

"गुपचूप खा," ती म्हणाली. "रांगेला कळलं तर गोंधळ होईल."